दोन फळं कमी

झाडं उपटायला सकाळी आठला सुरुवात झाली आणि अकरा वाजेपर्यंत बारा गुंठ्यांत एकही झाड उभं राहिलं नाही.

"मॅडम, मुळी तुटली तं चालते का?" सुपडूभाऊंनी विचारलं.

"नाही. मुळासकट हवं. पत्रात तसंच लिहिलंय."

"हाव," ते म्हणाले आणि जमिनीत राहिलेलं मूळ काढायला कुदळ घेऊन खाली बसले.

जानेवारीचा महिना होता. खानदेशात तेव्हा भरताच्या वांग्यांचा भर असतो, आमच्या रानातही होता. प्रत्येक झाडाला पोपटी रंगाची, हातात न मावणारी पाच-सहा वांगी लटकलेली. ती झाडावरच ठेवून झाडं ओढून काढायची, खड्ड्यात टाकायची, वर डिझेल ओतायचं आणि पेटवायचं. राख झाली की तीन फूट मातीखाली गाडायची. दिल्लीहून आलेल्या दोन पानी पत्रात हे सगळं क्रमवार दिलं होतं. या वांग्यांच्या चाचण्या का थांबवल्या, याबद्दल एकच ओळ होती : पुढील निर्णय होईपर्यंत.

त्या संशोधन केंद्रात मी कनिष्ठ अधिकारी होते. वय एकतीस. मूळची साताऱ्याकडची, पण सहा वर्षं याच वांग्यांत काढली होती. वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते. फळात शिरली की बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत सगळा भुगा. आम्ही मातीतल्या एका जिवाणूतला एक जीन वांग्याच्या झाडात घातला होता. अळीने ते झाड कुरतडलं की तिची भूक मरायची आणि दोन-तीन दिवसांत तीही मरायची. माणसाला, गुराला, मधमाशीला त्याचं काही होत नव्हतं. हे सांगणारे कागद माझ्या कपाटात तीन खण भरून होते.

सुपडू तायडे आमच्याकडे रोजंदारीवर होते. पन्नाशीचे, काटक, कमी बोलणारे. त्यांचा मुख्य धंदा फवारणीचा. स्वतःची जमीन नाही, दुसऱ्यांच्या वांग्यांवर वीस-बावीस वर्षं पाठीवर पंप घेऊन औषध मारत आलेले. आमच्याकडे फवारणी जवळजवळ नव्हतीच, म्हणून मी त्यांना मोजणीच्या कामाला लावलं होतं.

पहिल्या तोडणीचा दिवस मला चांगला आठवतो. शेजारच्या साध्या ओळीतली दहा वांगी आणि आमच्या ओळीतली दहा वांगी मी त्यांच्यासमोर ठेवली आणि चाकूने चिरायला सांगितलं. साध्या दहांतली सात किडकी निघाली. आमच्या दहांत एकही नाही. त्यांनी एकेक पांढरीशुभ्र फोड उचलून उलटसुलट करून पाहिली.

"किती फवारे मारले याच्यावर?" त्यांनी विचारलं.

"अळीसाठी एकही नाही. तुडतुडे आणि पांढऱ्या माशीसाठी सहा. ती कीड या जीनने मरत नाही."

"आमी पस्तीस मारतो. कधी चाळीस." मग म्हणाले, "हे खाल्लं तं मानसाले काय होते?"

"काही होत नाही. उंदरांना खाऊ घातलं, शेळ्यांना घातलं, कोंबड्यांना घातलं."

"अन् आमी मारतो ते औषध?"

"त्याचीही चाचणी होते. उंदरांवरच."

"मंग ते उंदीर काय म्हनले?"

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

त्या दिवसापासून ते रोज वेळेच्या अर्धा तास आधी यायला लागले. फळांची मोजणी, किडक्या शेंड्यांची मोजणी, जाळी कुठे फाटली आहे का, हे सगळं बघायचे. बियाण्यासाठी आम्ही काही फळं झाडावरच पिकू देत असू. पिवळी, जड झालेली अशी अठरा फळं होती. प्रत्येकाच्या देठाला लाल फीत आणि नंबराचा बिल्ला. त्यांची राखण सुपडूभाऊंकडे होती.

झाडं उपटण्याच्या दिवशी ती फळं मला वेगळी मोजायची होती. खड्ड्याच्या काठावर पोत्यावर मी ती मांडली. सोळा भरली. पुन्हा मोजली. सोळाच. मग उपटलेल्या झाडांच्या ढिगात शोधलं, तेव्हा अकरा आणि चौदा नंबरचे बिल्ले मिळाले. दोन्ही देठ चाकूने नीट कापलेले होते.

मी मान वर केली. सुपडूभाऊ पलीकडे दोघी बायकांना झाडं पुढे करत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

कुणाला काही न बोलता मी सोळा फळं खड्ड्यात टाकली. दुपारी बारा वाजता खड्डा पेटवला. ओल्या झाडांचा धूर जड असतो; तो वर जात नाही, रानातच फिरत राहतो. एकच्या सुमारास मजुरांना सुट्टी दिली. आमचे प्रमुख भंगाळे सर ऑफिसात अहवाल तयार करत होते. मी दारातून त्यांना सांगितलं, "बियाण्याच्या फळांचा आकडा संध्याकाळी देते." त्यांनी कागदावरून नजर न काढता हात हलवला.

तीन वाजता मी स्कूटर काढली आणि सुपडूभाऊंच्या गावाला गेले. दोन किलोमीटरही नव्हतं.

घर पत्र्याचं, समोर शेणाने सारवलेलं अंगण. अंगणात त्यांची मुलगी करुणा भांडी घासत होती. एकोणीस वर्षांची, बारावी झालेली. केंद्रावर एकदोनदा वडिलांचा डबा घेऊन आलेली, म्हणून मी ओळखत होते. मला पाहून ती गडबडीने उठली आणि हात ओढणीला पुसले. तिच्या बोटांची टोकं पिवळट होती, हळद लागल्यासारखी. भांडी घासूनही तो रंग गेला नव्हता.

तिच्या मागे, उन्हात, सुपात बी पसरलेलं होतं. राख चोळून वाळत घातलेलं. चपटं, फिकट पिवळं बी. दोन फळांचं म्हणजे हजार-दोन हजार दाणे सहज असतील.

"मॅडम, ते तुमच्याच वांग्यांचं आहे," करुणाच बोलली. "मी बाबांना म्हटलं होतं, विचारून आणा."

सुपडूभाऊ आतून बाहेर आले. त्यांनी बाज पुढे ओढली. "बसा मॅडम. कोकिळा, चहा टाक."

"चहा नको. सुपडूभाऊ, हे मला परत न्यावं लागेल."

"न्या," ते म्हणाले.

मी बसले. त्यांनी भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"तुम्हाला नियम वाचून दाखवले होते," मी म्हणाले. "एक बी बाहेर जाता कामा नये. तुम्ही सही केली होती."

"हाव. केली व्हती."

"मग?"

"तुमी काल म्हनले, उद्या समदं जाळायचं. मले वाटलं, जाळायचंच हाय तं दोन फळं कमी जळाले तं कोनाचं काय जाते." ते अंगणाच्या कडेला उकिडवे बसले. "मी जिथं फवारतो त्या हिरामन पाटलाच्या वांग्यात एक ओळ लावनार व्हतो. बांधाच्या कडंनं. त्यांनी एकदा डोळ्यानं पाह्यलं असतं का ह्या ओळीले औषध नाही अन् कीडबी नाही, तं म्होरल्या साली त्यांनीच मांगितलं असतं."

"आणि सगळ्यांनी हेच लावलं तर तुमचं काम जाईल. फवारायला कोण बोलावेल तुम्हाला?"

"दुसरे कामं हायेत ना. निंदनी हाय, तोडनी हाय. फवारनी सोडून समदं चालते मले." त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले. तळवे आभाळाकडे. हात थरथरत होते. केंद्रावर चाकू धरताना, बिल्ले बांधताना मी ते पाहिलं होतं आणि वय म्हणून सोडून दिलं होतं. "औषधाचं टोपन भरता येत नाही आता. सांडते. म्हनून दोन सालापासून ही कालवून देते." त्यांनी मुलीकडे मान वळवली. "मागच्या सिझनमंदी दोनदा उलट्या झाल्या तिले."

"ते उन्हाने झालं," करुणा म्हणाली.

सुपडूभाऊंची बायको कोकिळाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि सुपाकडे बघितलं.

मी त्यांना समजावून सांगितलं. मनापासून सांगितलं. मी म्हणाले की हे बी बाहेर सापडलं, तर पेपरात येईल. विरोध करणारे म्हणतील, बघा, यांना बारा गुंठे सांभाळता येत नाहीत. मग हे वांगं कायमचं बंद होईल, आमच्याकडेच नव्हे तर सगळीकडे. उलट आत्ता आपण सगळं नियमाने केलं, तर परवानगी मिळायला अडचण राहणार नाही. प्रयोगशाळेत मूळ बियाणं कुलपात ठेवलेलं आहे. ते कुठे जात नाही.

"किती दिवस लागतील मॅडम परवानगीला?" करुणाने विचारलं.

"वर्ष. फार तर दोन वर्षं."

ती वडिलांकडे बघून म्हणाली, "दोनच वर्षं ना. तोवर मी कालवते."

तिनेच सुपातलं बी एका वर्तमानपत्रात ओतलं, चारी बाजूंनी घड्या घातल्या आणि वरून दोरा बांधून मला दिलं. सुपाच्या विणीत चार-पाच दाणे अडकले होते. तेही तिने नखाने काढून माझ्या तळहातावर ठेवले.

"हातमोजे वापरत जा," मी तिला म्हणाले. "मी पाठवून देते."

पाच वाजता मी ऑफिसात पोचले. भंगाळे सर निघायच्या तयारीत होते.

"सर, बियाण्याच्या फळांचा आकडा," मी म्हणाले.

"अगं, तो मी दुपारीच लिहून टाकला. रजिस्टरमध्ये अठरा होती, अठरा लिहिली. दोन वाजता फॅक्ससुद्धा केला." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "का? काही कमी-जास्त आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग झालं तर. आता तो कागद कुणी उघडूनही बघणार नाही. घरी जा, दमली असशील."

ते गेले. मी एकटीच मागे रानात गेले. पुडी माझ्या पर्समध्ये होती. खड्ड्यात निखारे अजून लाल होते. सकाळची मजूर मंडळी दुसऱ्या दिवशी राख गाडायला येणार होती. चौकीदार पुढच्या फाटकाशी होता. त्या वेळी मला बघणारं कुणी नव्हतं.

मी तिथे किती वेळ उभी होते ते सांगता येणार नाही. स्कूटर बाहेर उभी होती. गाव दोन किलोमीटरवर. आकडा जुळलेला होता, तोही माझ्या हातून नाही. मला आणखी खोटं बोलावं लागणार नव्हतं. पण मी सहा वर्षं नियमाने काम केलं होतं. नियमाने वागलं की शेवटी आपलं खरं ठरतं, यावर माझा विश्वास होता. मी पुडी निखाऱ्यांत टाकली. आधी कागद जळाला, मग बी तडतडलं. मग मी घरी गेले.

पुढच्या आठवड्यात मी हातमोज्यांचा एक डबा सुपडूभाऊंकडे पाठवून दिला. प्रयोगशाळेतले पातळ, पांढरे मोजे. त्या कामाला ते उपयोगाचे नव्हते. हे मला पाठवतानाच माहीत होतं. दुसरे आमच्याकडे नव्हते.

चाचण्या थांबल्यामुळे मोजणीचं काम राहिलं नाही. सुपडूभाऊ केंद्रावर यायचे बंद झाले. जुलैत लोकांनी वांग्यांची रोपं लावली आणि ऑगस्टपासून नेहमीप्रमाणे दर चौथ्या दिवशी फवारे सुरू झाले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे काम करणाऱ्या एका बाईने सांगितलं, तायड्यांची पोरगी सरकारी दवाखान्यात आहे.

मी दुपारी गेले. वॉर्डात चौदा खाटा होत्या. करुणा खिडकीजवळच्या खाटेवर होती. नाकात नळी, हात खाटेला बांधलेले. अंगात गेलेल्या फवारणीच्या औषधाने झटके येत होते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. ती कुणाला ओळखत नव्हती.

झालं असं होतं. सुपडूभाऊंना तीन दिवस ताप होता. फवारा चुकवून चालत नाही. चार दिवस गेले की अळी फळात शिरते. म्हणून करुणाने एकटीने औषध कालवलं आणि पंपही स्वतःच्या पाठीवर घेतला. पंपाचं झाकण गळत होतं. सकाळी नऊपासून दीडपर्यंत तिची पाठ भिजत राहिली. ऑक्टोबरचं ऊन, घामाने तिला ते कळलंही नाही. घरी आली ती अंगणातच पडली.

"कातडीतून आत जातं," डॉक्टर मला म्हणाले. "घरी आल्यावर लगेच अंघोळ घातली असती तरी थोडा फरक पडला असता. तीन तास तेच कपडे अंगावर होते."

सुपडूभाऊ खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले होते. मला बघून उठले.

"मॅडम, तुमी आले. बरं झालं."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. काहीतरी बोलले असेन.

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या बाईचा मुलगा तिथे उभा होता. त्याने विचारलं, ह्या कोण? सुपडूभाऊ त्याला सांगायला लागले, हलक्या आवाजात, वॉर्डात बोलतात तसं. "ह्या आमच्या मॅडम. यांनी एक वांगं काढलं व्हतं. अळी लागतच नव्हती त्याले. आमी पस्तीस फवारे मारतो ना, तिथं सहा. मी सवता मोजलेत. धा चिरले तं धाबी चांगले."

"असं? मग कुठं मिळतं ते?" त्या माणसाने विचारलं.

"नाही मिळत. बंद झालं."

"का?"

सुपडूभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "वरून कागद आला." मी त्यांच्या घरी जाऊन काय नेलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. कोकिळाबाई मुलीचे पाय चोळत होत्या. त्यांनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाय चोळायला लागल्या.

करुणा चौथ्या दिवशी सकाळी गेली.

ती एक ओळ हिरामण पाटलांच्या बांधाला लागली असती, तरी त्या वर्षीचे त्यांचे फवारे थांबले नसते. हे मला तेव्हाही कळत होतं. एका ओळीने एक एकर वाचत नाही; बाकीच्या झाडांवर पंप चाललाच असता, आणि करुणानेच तो उचलला असता. मी हे स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते खरं आहे. तरी अजून सांगावं लागतं.

परवानगी त्या वर्षी आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. करुणा गेली त्याच वर्षी डिसेंबरात माझी बदली बाजरी विभागात झाली आणि कुलपातलं बियाणं दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात गेलं. बऱ्याच वर्षांनी मी सहज चौकशी केली. मधल्या काळात शीतकपाट बंद पडलं होतं, आणि ते बी उगवतं का, हे कुणी पाहिलं नव्हतं. पाहायचं तर पेरायला हवं, आणि पेरायला परवानगी नव्हती.

बदलीचं पत्र हातात आलं त्या दिवशी मी तायड्यांकडे गेले. दोन वर्षांचा शब्द मी दिला होता. तो आता माझ्या हातात राहिलेला नाही, एवढं तरी तोंडाने सांगावं असं वाटलं. घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, दोघंही पाटलांच्या रानात आहेत.

मी बांधावर स्कूटर उभी केली. वांगी चांगली भरली होती. सुपडूभाऊ मधल्या ओळीत होते, पाठीवर पंप, तोंडाला उपरणं बांधलेलं. वाऱ्याने फवारा मागे येत होता आणि ते मान एका बाजूला करून पुढे चालत होते. त्यांनी मला पाहिलं, हात वर केला, पण ओळ अर्धी राहिली होती म्हणून थांबले नाहीत.

बांधाच्या या टोकाला पाण्याचं निळं पिंप होतं. त्याच्याशी कोकिळाबाई बसल्या होत्या. त्यांनी बाटलीचं टोपण भरून पिंपात ओतलं, डाव्या हाताने पदर वर खोचला आणि उजवा हात कोपरापर्यंत आत घालून पाणी ढवळायला लागल्या.

"या मॅडम," त्या म्हणाल्या. "येतीलच ते. हा पंप संपत आला."